ऑटोरूटमध्ये नावांची टक्कर झाली, तर ती कशी सोडवावी

फ्लटरमध्ये, म्हणजे डार्ट भाषेत ॲप लिहिण्याच्या साधनात, पहिल्या चार-पाच स्क्रीन असेपर्यंत एका स्क्रीनवरून दुसरीवर जाण्याचा कोड हाताने लिहिणे अवघड वाटत नाही. स्क्रीनची संख्या वीस-पंचवीसवर गेली, त्यांतल्या निम्म्यांना कसला ना कसला आयडी पाठवावा लागू लागला आणि वेबवरच्या पत्त्यांचाही विचार करण्याची वेळ आली, की ‘ऑटोरूट’सारखी लायब्ररी प्रकल्पात येते. ही लायब्ररी तुमच्या स्क्रीनचे क्लास वाचते आणि प्रत्येकासाठी एक रूट-क्लास, म्हणजे त्या स्क्रीनवर जाण्याचा रस्ता सांगणारा क्लास, स्वतः लिहून देते. त्यामुळे कष्ट वाचतात आणि आयडीचा प्रकार चुकला, तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो. मात्र या सोयीबरोबर एक गोष्ट आपल्या हातून जाते: रूट-क्लासचे नाव आपण ठेवत नाही, लायब्ररी ठेवते. दोन ठिकाणांहून एकच नाव तयार झाले, की एरर येते, आणि ती आपण न लिहिलेल्या फाइलमध्ये दिसत असल्यामुळे नवा माणूस गोंधळतो.

या लेखात क्लासची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीत, सगळे शब्द जोडून आणि प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे ठेवून लिहायची आहेत. ऑटोरूटच्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक स्क्रीनवर ‘@रूटपेज’ हे ॲनोटेशन, म्हणजे लायब्ररीला वाचण्यासाठीची खूण, लावण्याची पद्धत आली. पुढचे सारे विवेचन तीच पद्धत गृहीत धरून केले आहे.

नाव कसे तयार होते, हे आधी पाहा

टक्कर सोडवण्याआधी नाव कुठून येते हे समजून घेणे गरजेचे आहे. त्यासाठी दिलेली दहा मिनिटे पुढे कित्येक तास वाचवतात. राउटरच्या, म्हणजे सगळ्या रूटची यादी ठेवणाऱ्या, क्लासवर ‘@ऑटोराउटरकॉन्फिग’ हे ॲनोटेशन असते आणि त्यात ‘रिप्लेसइनरूटनेम’ नावाचा एक पर्याय असतो. त्याचे मूल्य म्हणजे स्वल्पविरामाने विभागलेली एक स्ट्रिंग असते. स्वल्पविरामाच्या अलीकडे काय शोधायचे ते असते, पलीकडे त्याच्या जागी काय घालायचे ते असते. आपण काहीच दिले नाही, तर ‘पेज’ किंवा ‘स्क्रीन’ हा शब्द शोधून त्याच्या जागी ‘रूट’ घालायचे, असा नियम लागू होतो. म्हणून ‘ऑर्डरलिस्टपेज’ या क्लासवरून ‘ऑर्डरलिस्टरूट’ तयार होतो. ‘@रूटपेज’मध्येच ‘नेम’ हा पर्याय दिला असेल, तर मात्र हा नियम बाजूला राहतो आणि दिलेले नाव जसेच्या तसे वापरले जाते.

तयार झालेले नाव तीन ठिकाणी कामाला येते. पहिले म्हणजे रूट-क्लासचे नाव, जे कंपायलर पाहतो. दुसरे म्हणजे त्या क्लासच्या आत ठेवलेली ‘नेम’ ही स्ट्रिंग, जिच्यावरून ॲप चालू असताना राउटर रूट शोधतो. तिसरे म्हणजे पाथ, म्हणजे स्क्रीनचा पत्ता: तुम्ही तो स्वतः दिला नसेल, तर तो याच नावावरून, शब्दांमध्ये छोट्या आडव्या रेषा घालून, तयार केला जातो. याशिवाय स्क्रीनला पॅरामीटर असतील, तर रूटच्या नावाच्या शेवटी ‘आर्ग्ज’ जोडून आणखी एक क्लास तयार होतो. हे सगळे ध्यानात असेल, तर कोणता उपाय किती खोलवर पोहोचतो याचा अंदाज येतो. काही उपाय फक्त कंपायलरला गप्प करतात आणि खालची स्ट्रिंग तशीच राहते.

एरर नीट वाचा

एरर दिसताच काही तरी बदलून पुन्हा बिल्ड चालवण्याची घाई करू नये. आधी ती कोणत्या प्रकारची आहे ते ओळखावे. साधारणपणे दोन प्रकार भेटतात. ‘डुप्लिकेट डेफिनिशन’ म्हणजे एकाच डार्ट लायब्ररीत एकच नाव दोनदा दिले गेले आहे. ही तक्रार बहुधा ‘जीआर डॉट डार्ट’ या शेवटाच्या, म्हणजे आपोआप तयार झालेल्या फाइलमध्ये दिसते. ‘अँबिग्युअस इम्पोर्ट’ म्हणजे तुम्ही इम्पोर्ट केलेल्या दोन वेगळ्या लायब्ररींमध्ये एकच नाव आहे आणि तुम्हाला त्यांपैकी कोणते हवे आहे हे डार्टला ठरवता येत नाही. ही तक्रार तुमच्या स्वतःच्या फाइलमध्ये, नाव वापरले त्या ओळीवर येते, आणि संदेशात दोन्ही लायब्ररींची नावे दिलेली असतात. ती दोन नावे कागदावर लिहून घ्या. निम्मे उत्तर तिथेच असते.

तिसरा एक संदेश या दोहोंसारखा वाटतो, पण त्याचा नावांशी काही संबंध नसतो. बिल्ड रनर, म्हणजे या फाइल आपोआप तयार करणारे साधन, चालवताना ‘कॉन्फ्लिक्टिंग आउटपुट्स’ असे शब्द दिसतात, तेव्हा तक्रार एवढीच असते की जी फाइल तयार करायची आहे ती डिस्कवर आधीच आहे आणि ती आपणच तयार केली होती याची नोंद बिल्ड रनरकडे नाही. बिल्ड रनरच्या ज्या आवृत्त्या अशा वेळी परवानगी विचारतात, त्यांत ‘बिल्ड’ आज्ञेला ‘डिलीट कॉन्फ्लिक्टिंग आउटपुट्स’ हा पर्याय जोडावा. जुनी फाइल काढून नवी लिहिली जाते आणि विषय तिथे संपतो. हा पर्याय जोडल्याने नावांची टक्कर मात्र कधीही सुटत नाही.

दोन फोल्डर, एकच नाव

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हा. समजा, ॲपमध्ये ऑर्डर आणि उत्पादने असे दोन विभाग आहेत. प्रत्येकासाठी वेगळा फोल्डर आहे आणि दोन्ही फोल्डरमध्ये ‘डिटेल्सपेज’ नावाचा क्लास आहे. फोल्डर वेगळे असल्यामुळे लिहिणाऱ्याला यात काहीच वावगे वाटत नाही, आणि डार्टच्या दृष्टीनेही ते चुकीचे नसते. ऑटोरूट मात्र सगळ्या स्क्रीनचे रूट-क्लास एकाच फाइलमध्ये लिहितो. स्क्रीनचे क्लास तो क्रमांक असलेले उपसर्ग लावून इम्पोर्ट करतो, त्यामुळे ती नावे एकमेकांवर आदळत नाहीत. पण दोन्हींवरून तयार होणारे रूटचे नाव ‘डिटेल्सरूट’ हेच असते, आणि एका लायब्ररीत एका नावाचे दोन क्लास डार्टला चालत नाहीत.

सोडवण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम संपूर्ण प्रकल्पात ‘क्लास डिटेल्सपेज’ हे शब्द शोधा आणि किती ठिकाणी सापडतात ते मोजा. दोनच असतील असे धरून चालू नका. मग प्रत्येक ठिकाणी ‘@रूटपेज’ला ‘नेम’ द्या: ऑर्डरच्या स्क्रीनला ‘ऑर्डरडिटेल्सरूट’, उत्पादनाच्या स्क्रीनला ‘प्रॉडक्टडिटेल्सरूट’. एकालाच नवे नाव देऊन दुसऱ्याला ‘डिटेल्सरूट’ ठेवले, तरी कंपायलर समाधानी होईल. परंतु सहा महिन्यांनी येणाऱ्या सहकाऱ्याला नुसता ‘डिटेल्सरूट’ कशाचा, हे कळणार नाही, म्हणून दोन्ही बदलावीत. त्यानंतर ‘डार्ट रन बिल्ड_रनर बिल्ड’ चालवा. फाइल नव्याने तयार झाली, की राउटरच्या ‘रूट्स’ यादीतल्या नोंदी आणि जिथे जिथे ‘पुश’ वापरून स्क्रीन उघडली आहे त्या जागा नव्या नावांनी दुरुस्त करा. हे शेवटचे काम करताना प्रत्येक जागी कोणती स्क्रीन अभिप्रेत होती ते पाहावेच लागते. दोन्ही स्क्रीनना ‘आयडी’ याच नावाचा आणि एकाच प्रकारचा पॅरामीटर असेल, तर चुकीचा रूट लिहिला तरी कंपायलर काही बोलणार नाही आणि ग्राहकाला ऑर्डरच्या जागी भलत्याच वस्तूचे पान उघडलेले दिसेल.

‘नेम’ देण्याऐवजी क्लासचेच नाव बदलावे का? वेळ असेल, तर होय. क्लासचे नाव ‘ऑर्डरडिटेल्सपेज’ केले, तर रूटचे नाव नियमानेच बरोबर येते आणि लक्षात ठेवण्याजोगा अपवाद उरत नाही. ‘नेम’ पर्याय मी तेव्हा वापरतो, जेव्हा तो क्लास अनेक चाचण्यांमध्ये वापरलेला असतो किंवा दुसऱ्या कोणाच्या हातात असतो.

नाव बदलताना पाथ विसरू नका. तो स्वतः लिहिला नसेल, तर रूटचे नाव बदलताच पाथही बदलेल. मग वेबवर कोणी जतन करून ठेवलेला पत्ता किंवा सूचनेतून थेट स्क्रीन उघडणारा दुवा चालेनासा होईल. म्हणून नाव बदलण्याआधी राउटरमधल्या त्या नोंदीत जुना पाथ स्पष्ट लिहून घ्या आणि मगच नावाला हात लावा. बाहेरच्या जगाला दिसणारे पत्ते पहिल्या दिवसापासून स्वतःच लिहावेत, असे माझे ठाम मत आहे. ते कोडमधल्या नावांवर अवलंबून राहू देऊ नयेत.

‘पेज’ आणि ‘स्क्रीन’

ही टक्कर ओळखायला कठीण, कारण शोधून पाहिले तर एकसारखी नावे सापडतच नाहीत. एका प्रकल्पात आम्ही दोन गट काम करत होतो. एका गटाची सवय क्लासच्या शेवटी ‘पेज’ लिहिण्याची, दुसऱ्याची ‘स्क्रीन’ लिहिण्याची. खातेदाराची माहिती दाखवणारा ‘प्रोफाइलपेज’ आधीपासून होता. दुसऱ्या गटाने विक्रेत्यासाठी ‘प्रोफाइलस्क्रीन’ लिहिला. दोन्ही गटांच्या शाखा, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रती, स्वतंत्रपणे व्यवस्थित बिल्ड होत होत्या. त्या एकत्र आल्या त्या संध्याकाळी ‘प्रोफाइलरूट’ दोनदा आला, आणि आम्ही तासभर ‘प्रोफाइलपेज’ हा क्लास दुसरा कुठे आहे ते शोधत राहिलो. तो दुसरा कुठे नव्हताच. वर सांगितलेल्या नियमात ‘पेज’ आणि ‘स्क्रीन’ हे दोन्ही शब्द एकाच ‘रूट’मध्ये मिळतात, हे माहीत असते, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

यावर खरा उपाय म्हणजे संपूर्ण प्रकल्पासाठी एकच प्रत्यय ठरवणे. ‘पेज’ ठरवले असेल, तर ‘रिप्लेसइनरूटनेम’मध्येही फक्त ‘पेज’च ठेवावा. आणि नाव क्लासच्या दिसण्यावरून न ठेवता कामावरून ठेवावे: ‘सेलरप्रोफाइलपेज’ हे नाव पहिल्यापासून असते, तर प्रत्यय कोणताही असला तरी टक्कर झाली नसती.

याच नियमाची दुसरी बाजू नवशिक्यांना चकित करते. शोधण्याचा भाग रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकूर शोधण्याचा नमुना, म्हणून वाचला जातो आणि नावात तो जितक्या वेळा सापडेल तितक्या वेळा बदलला जातो. शब्द शेवटीच असावा अशी अट नसते. त्यामुळे ‘स्क्रीनशॉटपेज’ या क्लासवरून ‘रूटशॉटरूट’ तयार होतो आणि ‘पेजनॉटफाउंडस्क्रीन’वरून ‘रूटनॉटफाउंडरूट’. अशी नावे चालतात, पण आपण टाइप करायला जातो ते नाव संपादकात सुचवले जात नाही आणि रूट तयारच झाला नाही असे वाटू लागते. या नमुन्यात प्रत्येक शब्दानंतर लगेच डॉलरचे चिन्ह ठेवले, की तो शब्द फक्त शेवटी असेल तेव्हाच बदलतो. डार्टच्या साध्या स्ट्रिंगमध्ये डॉलरला वेगळा अर्थ असल्यामुळे अवतरणचिन्हाआधी ‘आर’ हे अक्षर लावून ती कच्ची स्ट्रिंग करावी लागते.

क्लासच्या नावात ‘पेज’ही नसेल आणि ‘स्क्रीन’ही नसेल, उदाहरणार्थ नुसता ‘डॅशबोर्ड’, तर बदलण्यासारखे काही न सापडल्यामुळे रूटचे नावही ‘डॅशबोर्ड’च राहू शकते. मग ज्या फाइलमध्ये स्क्रीन आणि रूट दोन्ही इम्पोर्ट केले असतील, तिथे अँबिग्युअस इम्पोर्ट येतो. अशा क्लासला प्रत्यय तरी लावा किंवा ‘नेम’ तरी द्या.

फ्लटरने आधीच घेतलेली नावे

फ्लटरच्या मटेरियल लायब्ररीत ‘डायलॉगरूट’, ‘मोडलरूट’, ‘पॉपअपरूट’ आणि ‘पेजरूट’ हे क्लास आधीपासून आहेत. तुम्ही ‘डायलॉगपेज’ नावाची स्क्रीन लिहिली, की तयार होणारा रूट ‘डायलॉगरूट’ असतो, आणि जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये मटेरियल इम्पोर्ट केलेली असल्यामुळे टक्कर ठरलेलीच. ऑटोरूटच्या स्वतःच्या पॅकेजातही ‘कस्टमरूट’, ‘मटेरियलरूट’, ‘क्युपर्टिनोरूट’ ही नावे आहेत. त्यामुळे ‘कस्टमपेज’ हे नाव टाळावे. स्क्रीनच्या नावाचीही अशीच टक्कर होते: परवाने दाखवण्यासाठी ‘लायसन्सपेज’ लिहायला जावे, तर त्या नावाचा क्लास मटेरियलमध्ये आहे.

इथे डार्टचे दोन नियम माहीत असावेत. फाइलमध्ये स्वतः लिहिलेले नाव इम्पोर्ट केलेल्या नावावर मात करते, म्हणून ज्या फाइलमध्ये ‘लायसन्सपेज’ लिहिला तिथे एरर दिसत नाही, दुसऱ्या फाइलमध्ये वापरायला गेल्यावर दिसते. तसेच ‘डार्ट’ आणि विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होणाऱ्या मूळ लायब्ररींमधले नाव आणि पॅकेजमधले नाव यांच्यात पॅकेजमधले जिंकते, एरर येत नाही. फ्लटर मात्र पॅकेज आहे, मूळ लायब्ररी नव्हे. म्हणून ही सवलत त्याला मिळत नाही.

तात्पुरते काम भागवायचे असेल, तर मटेरियलच्या इम्पोर्टच्या ओळीत शेवटी ‘हाइड डायलॉगरूट’ लिहिता येते. पण ते प्रत्येक फाइलमध्ये लिहावे लागते, आणि कधी तरी फ्लटरचा खरा डायलॉगरूट हवा असेल तेव्हा अडचण होते. स्क्रीनचे नाव ‘कन्फर्मऑर्डरपेज’ असे तिच्या कामावरून ठेवणे हाच टिकाऊ मार्ग आहे.

अनेक पॅकेजांचा प्रकल्प

मोठ्या ॲपमध्ये प्रत्येक विभाग वेगळ्या पॅकेजात ठेवतात. प्रत्येक पॅकेजाची स्वतःची तयार झालेली फाइल असते आणि मुख्य ॲपचा राउटर त्या सगळ्यांमधले रूट आपल्या यादीत घेतो. दोन पॅकेजांमध्ये ‘सेटिंग्जरूट’ असेल, तर दोन्ही पॅकेज वेगवेगळी बिल्ड करताना काहीच दिसत नाही. मुख्य राउटरच्या फाइलमध्ये अँबिग्युअस इम्पोर्ट येतो.

बहुतेक जण इथे ‘ॲज’ वापरून एका इम्पोर्टला उपसर्ग लावतात आणि एरर गेली म्हणून पुढे जातात. लेखाच्या सुरुवातीला नावाच्या तीन जागा सांगितल्या, त्या इथे आठवाव्यात. उपसर्गाने पहिल्याच जागेचा प्रश्न सुटला. दोन्ही क्लासच्या आतली ‘नेम’ ही स्ट्रिंग अजून ‘सेटिंग्जरूट’च आहे, आणि पाथ लिहिला नसेल तर तोही एकच. राउटर रूट शोधतो तो या स्ट्रिंगवरून. त्याला तुमच्या इम्पोर्टमधला उपसर्ग दिसत नाही. दोन्ही नोंदी राउटरच्या एकाच पातळीवर असतील, तर कोणती स्क्रीन उघडायची हे त्या नावावरून ठरवता येणार नाही. म्हणून पॅकेजांच्या बाबतीत ‘ॲज’ आणि ‘हाइड’ हे निदानापुरते वापरावेत, आणि दुरुस्ती त्या पॅकेजातल्या स्क्रीनवर ‘नेम’ देऊन किंवा क्लासचे नाव बदलूनच करावी. पॅकेजाचे नाव सुरुवातीला जोडण्याचा संकेत, म्हणजे ‘अकाउंटसेटिंग्जपेज’, ‘ॲडमिनसेटिंग्जपेज’ असा, सगळ्या गटांनी आधीच मान्य केला, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

गो राउटर वापरत असाल तर

गो राउटर ही याच कामाची दुसरी लायब्ररी. तिच्या बिल्डरमध्ये रूट-क्लासचे नाव तुम्ही स्वतःच लिहिता, त्यामुळे प्रत्ययाची भानगड नसते. तिथे टक्कर होते ती एका वेगळ्या नावाची. ‘टाइप्डगोरूट’ ॲनोटेशन असलेल्या प्रत्येक फाइलसाठी डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी ‘ॲपरूट्स’ नावाची यादी तयार होते. रूट दोन फाइलमध्ये विभागले, की एकाच नावाच्या दोन याद्या होतात. इथे मात्र ‘ॲज’ हा पूर्ण उपाय आहे: दोन्ही फाइल वेगवेगळ्या उपसर्गांनी इम्पोर्ट करा आणि गो राउटरच्या ‘रूट्स’मध्ये दोन्ही याद्या तीन टिंबांच्या स्प्रेड चिन्हाने पसरून एकत्र करा. ती यादी ॲप चालू असताना नावाने शोधली जात नाही, म्हणून खाली काही शिल्लक राहत नाही.

दुरुस्तीनंतर

तयार झालेली फाइल उघडा आणि बदललेले प्रत्येक नाव तिच्यात एकदाच आहे ना, हे शोधून पाहा. फाइल वाचायला हरकत नाही, उलट ती वाचायची सवय लावून घ्यावी. हाताने बदलू मात्र नये, कारण पुढच्या बिल्डमध्ये तो बदल पुसला जातो. मग ‘फ्लटर ॲनालाइझ’ चालवा. जुनेच नाव दिसत राहिले, तर ‘डार्ट रन बिल्ड_रनर क्लीन’ करून पुन्हा बिल्ड करा. शेवटी बदललेली प्रत्येक स्क्रीन ॲपमध्ये प्रत्यक्ष उघडून पाहा, आणि वेबवर असाल तर तिचा जुना पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहा.

एवढे करूनही शाखा एकत्र करताना गिट, म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारे साधन, हीच ‘जीआर डॉट डार्ट’ फाइल पुन्हा पुढे करील आणि दोन्ही बाजूंचे रूट बाणांच्या खुणांमध्ये दाखवील. त्या खुणांमधली एकेक ओळ निवडत बसू नका. आधी स्क्रीनच्या आणि राउटरच्या फाइलमधला गुंता सोडवा, तयार झालेल्या फाइलची कोणतीही एक बाजू घ्या, बिल्ड रनर चालवा, आणि जी फाइल तयार होईल ती कमिट करा.